पारूची राखण

ठमीला अंगणवाडीत मदतनीस होऊन अठरा वर्षं झाली. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यावर एका खोलीची ती अंगणवाडी. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, पाणी भरायचं, खिचडी रांधायची, एवढंच तिचं काम. शिकवायचं काम स्वातीताईंचं. त्या चिंचणीहून स्कूटीवर यायच्या. बाई मनाच्या चांगल्या, पण त्यांचं बोलणं पोरांना अर्धंमुर्धंच कळे. उरलेलं ठमी आपल्या बोलीत समजावायची. स्वतः ती दुसरीपर्यंत शिकली होती. पुढची वर्षं पाठची भावंडं कडेवर वागवण्यात गेली.

मागच्या वर्षीच्या जूनमध्ये तिने पारूला अंगणवाडीत आणलं. पोर पाच वर्षांची, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत तोंडातून शब्द काढला नव्हता.

का, ते पाड्याला ठाऊक होतं. पारूचे आईबाप, भागी आणि रामू, दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात. दोघं पहाटेपासून कामाला जुंपलेली. दोन वर्षांच्या भावेशला सांभाळायचं पारूने. त्या फेब्रुवारीत एका दुपारी चिखल कालवायच्या पाण्याच्या खड्ड्यात भावेश पडला आणि बुडून गेला. पारू तेव्हा त्याच्यासाठीच भाकरीचा तुकडा आणायला झोपडीत गेली होती.

अंगणवाडीत ती भिंतीला टेकून बसायची. कुणी लहानगं पाण्याच्या पिंपाकडे गेलं की झडप घालून त्याला खाली पाडायची आणि वर बसायची. पोर गुदमरून रडलं तरी सोडायची नाही. स्वातीताई घाबरल्या.

"ठमी, ही मारकुटी आहे गं. कुणाला लागलं तर?"

"मारीत नाय ताई," ठमी म्हणाली. "राखण करते ती."

त्या दिवसापासून ठमी सकाळी आल्या आल्या पारूचा हात धरून तिला पिंपाकडे न्यायची. झाकण लावायची, वर दगड ठेवायची, पारूला हलवून बघायला लावायची. मगच बाकीची पोरं आत घ्यायची. महिन्याभराने पारू ताटातली खिचडी संपवायला लागली. बोलत मात्र नव्हती.

एकदा बोरिंगवर पाणी भरताना ठमीने भागीला गाठलं. भागीला तेव्हा आठवा महिना होता.

"भागी, पोरीला एकदा सांग गं. म्हनावं, तुझा काय गुन्हा नाय."

भागीने हंडा खाली ठेवला. "मला काय कळत नाय? एवढीशी पोर ती. पन भट्टीच्या सेठला बोलायची सोय नाय, नवऱ्याला बोलायची सोय नाय. तिच्याकडं बगलं का माझं तोंडच उघडत नाय."

सप्टेंबरात भागीला मुलगी झाली. दिवाळीनंतर भट्टीवर जायची वेळ आली तेव्हा ठमी त्यांच्या घरी गेली. "पारूला माज्याकडं ठेवा. अंगनवाडीत येल, दोन घास खाईल."

"मंग बाळाला कोन बगंल?" रामूने विचारलं.

भागी खाली मान घालूनच म्हणाली, "मी बांदीन पाठीशी. ऱ्हाऊ दे तिला."

आपण जिंकलो असं ठमीला वाटलं. सकाळी टेम्पो निघून गेला. पारू रस्त्याच्या कडेला दुपारपर्यंत उभी होती. मग तिने जेवणच सोडलं. चौथ्या दिवशी ठमी तिला मांडीवर घेऊन पेज भरवत होती, तेव्हा ती बोलली. एवढ्या महिन्यांतले तिचे ते पहिलेच शब्द.

"मी बाळाला टाकून कुठं गेली नसती. भाकर आनाय पन नाय."

ठमीने वाटी खाली ठेवली. आईने आपल्याला का मागे ठेवलं, याचा पोरीने लावलेला अर्थ असा होता. ठमीने तिला नाना परींनी समजावलं. पण ते ठमीच्या तोंडचं होतं, आईच्या नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

जानेवारीत पारूच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा एका रविवारी ठमी तिला घेऊन एसटीने भट्टीवर गेली. भागी विटा पाडत होती. तिने दोघींकडे पाहिलं, हात धुतले, झोळीतून बाळ काढलं आणि पारूच्या मांडीवर ठेवलं.

"मानंखाली हात घाल. नीट पकड."

पारूने मानेखाली हात घातला. तिचा इतक्या दिवसांचा आवळलेला चेहरा सैल पडला.

परत निघताना ती उठेना. ठमीने हात धरून ओढलं, तशी भागी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. माझी पोर हाय ती."

तो खड्डा झोपडीपासून वीस पावलांवर होता. काठोकाठ भरलेला, उघडा. ठमीने मुकादमाला झाकायला सांगितलं. "शाम को देखेंगे, मौसी," म्हणून तो निघून गेला. मोडक्या झोपडीच्या दोन फळ्या तिने स्वतः ओढत आणून खड्ड्यावर टाकल्या. सकाळी पाणी लागेल तेव्हा कुणीतरी त्या उचलेल, हे तिला कळत होतं. परतीच्या एसटीत ती एकटीच बसली. आपण पोरीला आईकडे पोचवलं की खड्ड्याकडे, हे तिला मनोरचा फाटा येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मे महिन्यात चौघं जिवंत परत आली. पारू आता बोलते, कामापुरतं. 'तुझा काय गुन्हा नाय' हे वाक्य भागीने अजून उच्चारलेलं नाही.

जूनमध्ये पारूचं नाव पहिलीत घातलं. पण भागी भाताच्या लावणीला जायची, त्यामुळे बाळ पारूच्याच कडेवर. मग ठमी बाळाला अंगणवाडीत घेऊन बसू लागली. स्वातीताई म्हणाल्या, "इतकं लहान मूल इथं बसवता येत नाही गं. मॅडम तपासणीला आल्या तर?"

"आल्या तर सांगा, ठमीची नात हाय."

बाळाखाली अंथरायला दुसऱ्या दिवशी स्वातीताईंनी घरून गोधडी आणली.

मधल्या सुट्टीत पारू शाळेतून धावत येते, दारात उभी राहून बाळाकडे बघते आणि परत जाते. एखाद्या दिवशी जात नाही. बाळाशेजारी जमिनीवर बसून राहते. त्या दिवशी ठमी तिला शाळेत जा म्हणत नाही.