प्यो मास्तरांची फळी

प्यो मास्तर रोज दुपारी माझ्या दुकानात येतात, शेवयांचा वाडगा पुढ्यात ओढतात आणि चमचा न उचलता दोन मिनिटं नुसते बसतात. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पण उजवा खुबा पार गेलाय. वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग, खाली मी, बोक्सून. एकवीस वर्षं त्यांची पोरं माझ्या डोक्यावर नाचताहेत.

सकाळी सहाला चार-पाच मोठी माणसं येतात. त्यांना मास्तर आपलं जुनं कोरियन लढणं, तेक्क्यॉन, शिकवतात, डुलत डुलत पाय टाकायचं. ते मास्तरांना त्यांच्या गुरूंनी दिलं. पोट मात्र भरतं दुपारच्या तायक्वांदोवर. पोरांना पिवळ्या गाडीतून शाळेतून आणायचं, दोरीउड्या मारून घ्यायच्या, नाकं पुसायची, मग लाथ शिकवायची आणि पुन्हा ज्याला-त्याला घरी सोडायचं.

"मास्तर, तुम्ही लढायला शिकवता की पोरं सांभाळता?" मी विचारते.

"फरक कळला की सांगतो, ताई," ते म्हणतात.

दर फेब्रुवारीत आईबापांना बोलावून पोरं फळ्या फोडून दाखवतात. प्रत्येकाची फळी फुटलीच पाहिजे, नाहीतर पोराआधी आईच रडायला लागते. म्हणून त्या पातळ फळ्या पंधरा दिवस माझ्या मागच्या खोलीत, थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर वाळत पडतात. वाळलेलं लाकूड जरा लाथ लागली की दुभंगतं. मोठ्यांना हे ठाऊक असतं, पोरांना कुणी सांगत नाही. मास्तरांची स्वतःची फळी मात्र जाडजूड, गच्चीवर थंडीत ठेवलेली. ती ते सगळ्यांत शेवटी फोडतात. "जी माझ्याने फुटणार नाही, ती दुसऱ्याला फोडायला शिकवू कसा? ज्या वर्षी फुटणार नाही, त्या वर्षी वर्ग बंद," असं त्यांनी एकदा भर कार्यक्रमात जाहीर करून ठेवलेलं. फार शहाणपणा!

यंदा जिन्यात ते पायरीपायरीवर थांबताना दिसले. फळी काही फुटत नाही, हे मी ओळखलं आणि माझं धाबं दणाणलं. नवरा गेल्यापासून या इमारतीत माझ्याशी दोन शब्द बोलणारा हा एकच माणूस. वर्ग बंद झाला तर ते धाकट्या बहिणीकडे गावाला जाणार. मी गुपचूप गच्चीवरून ती फळी उतरवली, माझ्या रजईखाली ऊबदार जमिनीवर पंधरा दिवस ठेवली आणि कार्यक्रमाच्या सकाळी जागेवर नेऊन ठेवली.

शनिवारी सगळ्या पोरांच्या फळ्या फुटल्या. मग मास्तर उभे राहिले. सकाळच्या वर्गातल्या दोघांनी फळी धरली. मास्तरांचा पाय जेमतेम कमरेपर्यंत गेला आणि फळी काडकन मोडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर तेवढे हसले नाहीत.

सोमवारी जेवायला आले.

"ताई, फळी तुम्ही वाळवलीत."

"कसली फळी? खा आधी, गार होतंय."

"सोळाव्या वर्षापासून लाकडं फोडतोय. आवाज कळतो मला."

"बरं, वाळवली! चारचौघांत तुमची फजिती बघत बसू की काय? भल्याचे दिवसच नाहीत."

"ती फुटणार नाही, हे मला माहीत होतं."

"मग मारायला कशाला गेलात?"

"म्हणूनच गेलो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"थकलोय मी, ताई. तीन वर्षं झाली. बंद करतो म्हटलं की आईबाप हात धरतात, पोरं गळ्यात पडतात, आणि मला 'नाही' म्हणवत नाही. फळी फुटली नसती, तर मला काही बोलावंच लागलं नसतं."

"मग सांगून टाका ना सगळ्यांना. बोक्सूनने वाळवली होती म्हणा. मला शिव्या बसल्या तर बसू देत."

"आणि एखाद्या पोराने विचारलं, 'मास्तर, माझी फळी कुठे ठेवली होती?' तर काय सांगू?"

शाळा सुटायची वेळ झाली होती. वाडगा अर्धा टाकून ते गाडी काढायला गेले. आणखी एक वर्ष मीच त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.