ग्रिझेलनं मान हलवली

ग्रिझेल पिटकेर्न ही आमच्या शेजारच्या वॉल्टर बेथ्यूनची मोलकरीण. सकाळी ओटची पेज ढवळताना गुणगुणायची, ते माझ्या मेणबत्त्यांच्या दुकानात ऐकू यायचं. ते गाणं गिल्बर्टसाठी असे. गिल्बर्ट विणकर, नोव्हेंबरातला मार्टिनमासचा सण झाला की दोघांचं लग्न व्हायचं होतं.

बेथ्यून खोगिरं शिवायचा. हात सोन्याचे, पण चिकटपणा असा की मेणबत्तीचं जळकं टोक परत आणून काही सूट मिळेल का म्हणून विचारायचा. त्यात सरकारनं मोलकरणींवर कर बसवला, आणि बिनलग्नाच्या पुरुषाला तो दुप्पट. माणसाची झोपच उडाली.

कर लिहून घेणारा साहेब आला तेव्हा मी मेणबत्त्या द्यायला बेथ्यूनकडेच गेले होते. साहेबाबरोबर चर्चचे पंच रॅमसे होते.

"ही बाई कोण?" साहेबानं विचारलं.

"बायको माझी," बेथ्यून म्हणाला.

रॅमसेंच्या भुवया वर गेल्या. "लग्न कधी केलंस रे? आम्हाला पत्ताच नाही."

"केलं गुपचूप. काय गं?"

ग्रिझेल पांढरीफटक पडली. नाही म्हणावं, तर संध्याकाळी गाठोडं रस्त्यावर. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हो."

ते दोघे गेल्यावर तिला कंठ फुटला. "मालक, हे काय बोललात?"

"अगं, बोलायला काय जातं? साहेब गेला, लग्न गेलं. पेज बघ, करपतेय."

आमच्या मुलखात लग्नाला पाद्री लागत नाही. साक्षीदारांसमोर पुरुषानं बायको म्हणावं, बाईनं हो म्हणावं, झालं लग्न. शेंबडं पोरही हे जाणतं. पण कर वाचवण्याच्या नादात या गाढवाला ते सुचलं नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

गिल्बर्ट चर्चमध्ये लग्नाची नावं द्यायला गेला. रॅमसे म्हणाले, "तिचं लग्न झालंय. तिच्याच तोंडून ऐकलंय मी."

पंचांनी बेथ्यूनला चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलावलं. खोटं बोललो म्हणावं, तर सरकारला फसवल्याचा दंड. तो खाली बघत म्हणाला, "आहे माझी बायको."

मग मी उठले. "मी तिथं होते. पोरीनं भीतीनं मान हलवली."

"म्हणजे हलवली," रॅमसे शांतपणे म्हणाले. "तुम्हीही पाहिलीत."

बोलायला गेले तिच्या बाजूनं, आणि झाले त्यांचीच साक्षीदार.

लग्न मोडायचं तर एडिंबराच्या कोर्टात जायचं. तिथं जायची ऐपत ना तिची, ना माझी. गिल्बर्ट महिनाभर आमच्या गल्लीत घुटमळला, मग डंडीला निघून गेला. बेथ्यूननं तिचा पगार बंद केला. म्हणाला, "बायकोला कुठं कोणी पगार देतं?"

मार्टिनमासला नोकर ठरवायचा बाजार भरतो, त्या चाकरीच्या बाजारात ग्रिझेल गाठोडं घेऊन इतर पोरींच्या रांगेत उभी राहिली. मी सोबत होते. एका शेतकरणीनं तिचे हात उलटसुलट पाहिले. हात तिला पसंत पडले.

"लग्न झालंय का गं?" तिनं सहज विचारलं.

ग्रिझेलनं माझ्याकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, ती तर खोगीरवाल्याची बायको."

शेतकरणीनं हात सोडला. "मग आधी नवऱ्याला विचारून ये, बाई."