चांगुणा वैनीचा बांध

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात, दिव्यांच्या अवसेला, दुपारच्या भरतीला आमच्या गावचा खारबांध फुटला. खाडीचं पाणी भातशेतात शिरलं. माणूस दगावलं नाही. सर्वांत जास्त नुकसान चांगुणा वैनीच्या शेताचं झालं, कारण बांध फुटला तो तिच्या वाट्यात.

एवढं, आणि शेवटी आणखी एक वाक्य, छापून आलं होतं. बातमी मीच दिली होती. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या साप्ताहिकाचा मी वार्ताहर होतो त्याच्या संपादकांना नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट माहीत नाही.

आमचं गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खारेपाटात, अलिबाग आणि पेणच्या मधे. शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली. मधे फक्त मातीचा बांध. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, पाणी बांधाच्या माथ्याशी लागतं. पश्चिमेचा वारा असेल तर आणखी चढतं. त्यातच डोंगराकडून पाऊस आला तर आतलं पाणीही बाहेर जात नाही, कारण भरती असेतोवर उघाडीची दारं बंद असतात. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची बांधातली मोरी. एकदा खारं पाणी शेतात बसलं की दोन-तीन वर्षं भात होत नाही. हे गावात कोणाला शिकवावं लागत नसे.

एकदा अलिबागहून एक विमा एजंट आला होता. गावकीचे म्होरके हिराजीबाबा. त्यांनी त्याला देवळाच्या ओट्यावर बसवून घेतलं आणि सगळं ऐकलं. मग विचारलं, "मानूस मेला की पैसं देतोस. शेत मेलं तर काय देतोस?"

"समुद्राच्या पाण्याचा विमा कोणी घेत नाही हो, बाबा."

"मंग तुझ्यापरीस आमची गावकी बरी! चा पी आन् जा."

ओट्यावरची माणसं हसली, एजंटही हसला. पण हिराजीबाबा म्हणाले ते खरं होतं. ज्याच्या शेतात खारं शिरेल त्याला बाकीच्या घरांनी सुगीला भात द्यायचं, शेत गोडं होईपर्यंत. हाच आमचा विमा. मात्र त्याला एक अट होती. बांध घरागणिक वाटलेला होता. आपापल्या वाट्यावर उन्हाळ्यात चिकण माती टाकायची, ती धोपटून घट्ट करायची. उधाण बांधावरून गेलं किंवा खेकड्यांनी पोखरलं, तर तो दर्याचा दोष. पण कच्च्या कामामुळे वाटा खचला, तर त्या घराला भात नाही, आणि वाटाही दुसऱ्याकडे जायचा. वाटा गेला की त्यामागचं शेतही गेल्यातच जमा.

चांगुणा वैनी आमच्या आळीतली. नवरा गेल्यावर तिच्या दिराने वाटा मागितला होता. बाईमाणसाने बांध घालायचा ही रीत नव्हती. तिने दिला नाही. उन्हाळाभर ती आणि तिची मुलगी माती वाहत होत्या. गावकीने तिला एक पावसाळा बघू म्हटलं. तो हाच पावसाळा.

आता राखणीचं सांगतो. उधाणाच्या दिवशी एका घरच्या माणसाने सबंध बांधावर फिरायचं. हातात पितळी थाळा. गळती दिसली की थाळा बडवायचा, मग सगळा गाव हातातलं काम टाकून धावत यायचा. गळतीचं पाणी स्वच्छ असलं तर धोका कमी. गढूळ आलं, तर बांध आतून वाहून चालला आहे. हेही सगळ्यांना ठाऊक. मलाही.

आधीच्या पुनवेला पाळी माझीच होती. मी थाळा बडवला. लावणी टाकून, गुडघाभर चिखलाची माणसं पळत आली — आणि ते निघालं उंदराच्या बिळातून झिरपणारं पावसाचं पाणी. पुढे काय झालं असेल, सांगायला हवं का?

"पेपरवाल्याची बातमी खोटी निघाली रं!"

"वासूदादा, खेकडा शिंकला तरी थाळा वाजीव हां."

एकटी वैनी म्हणाली, "हसू नका. वाजीवला ते बरं केलं. भावजी, तुमी वाजवत ऱ्हावा."

अवसेला माझ्या चुलत्याला ताप होता. त्याच्या जागी मी गेलो. वारा पश्चिमेचा होता. भरती अजून चढत होती तेव्हा मी वैनीच्या वाट्यापाशी पोचलो. बांधाच्या आतल्या अंगाला, पायथ्याशी, मुठीएवढ्या भोकातून पाणी येत होतं. शेजारी खेकड्यांनी उकरलेली ताजी माती पडली होती.

पाणी गढूळ होतं.

मी थाळा उचलला. हे मला स्पष्ट आठवतं — उचलला होता. दूर शेतात माणसं वाकून लावणी करत होती. त्यांतली कोण कोण हसली होती, ते मला दिसत होतं. आणि मी थाळा खाली धरला. पायाने चार ढेकळं भोकात लोटली, वर गवत दाबलं, आणि पुढे गेलो. उघाडीपाशी जाऊन बसलो. भाकरी खाल्ली. गढूळ नव्हतं, असं स्वतःला सांगितलं. किती वेळा सांगितलं? खोटी गोष्ट एकदाच सांगून भागतं का?

परत वळलो तेव्हा बांध फुटून खांड पडली होती. मग मी थाळा बडवला. माणसं आली, पेंढा आणि माती टाकत राहिली, पण पाणी कोणाला ऐकत नव्हतं.

पाचसहा दिवसांनी देवळापुढे गावकी बसली. हिराजीबाबांनी सर्वांसमक्ष विचारलं, "वासू, राखणीला तू व्हतास. गळती दिसली व्हती का?"

एका शब्दात उत्तर द्यायचा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर दोष खेकड्यांचा ठरला असता, आणि माझा. वैनीला भात मिळालं असतं, वाटा राहिला असता. मला काय झालं असतं? लोकांनी शिव्या दिल्या असत्या. पुढची काही वर्षं थट्टा झाली असती. फासावर कोणी दिलं नसतं.

मी म्हणालो, "न्हाय. फिरून आलो तेव्हा कोरडा होता. एकाएकी खचला."

कोरडा बांध एकाएकी खचला, याचा अर्थ एकच निघतो. तो लगेच निघाला. वैनीचा दीर म्हणाला, "मी तवाच सांगितलं व्हतं. बायकांच्या हातात धोपटणं दिलं की असंच व्हायाचं." चारदोन जण हसले. वैनी उभी राहिली.

"माती माजी पक्की व्हती. पानी आधी गळल्याबिगर बांध फुटत न्हाय. भावजी, तुमी नीट आठवून सांगा."

ती रागावलेली नव्हती. मला अडकवतही नव्हती. मी खरं सांगेन अशा खात्रीने विचारत होती. मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या आठवड्यात मी बातमी पाठवली. तिचं शेवटचं वाक्य: 'बांधाचे काम कच्चे असल्याने खांड पडल्याचे गावकीस आढळून आले.' वाक्यात चूक नव्हती. गावकीला तसंच आढळलं होतं. का आढळलं, ते मला माहीत होतं. पुढे पुष्कळ वर्षं मी नव्या वार्ताहरांना सांगत असे की पाहिलं तेच लिहावं. ते मान डोलवत.

सुगीला भात वाटलं गेलं. ज्यांच्या शेतात खारं शिरलं होतं त्या सर्वांना मिळालं, वैनीला मिळालं नाही. दिवाळीनंतर ती मुलीला घेऊन पेणच्या बाजूला एका मिठागरावर कामाला गेली.

उन्हाळ्यात खांड कायमची बुजवायला गाव जमलं. नवी माती जुन्या मातीला धरावी म्हणून खांडीच्या दोन्ही कडा तासायच्या होत्या. कुदळ लागेना. शेवटी पहार आणली. हिराजीबाबांनी निघालेलं ढेकूळ हातात घेऊन फोडायला पाहिलं. ते फुटलं नाही.

"बाईनं माती भक्कम मारली व्हती रं," ते म्हणाले.

मी तिथेच, पाटी हातात घेऊन उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. हिराजीबाबांनी ढेकूळ खांडीत टाकलं आणि काम पुढे चालू झालं. वाटा दिराकडे लागला.

पुढे एकदा मिठागरांवर लिहायला गेलो असताना ती भेटली. उन्हाने काळी पडली होती. पायांना मिठाच्या चिरा होत्या. तिने गावच्या लोकांची चौकशी केली, माझ्या चुलत्याची केली. बांधाचं काढलं नाही. मीही काढलं नाही. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन ती राशीकडे गेली, आणि मी मजुरीचे दर विचारायला मुकादमाकडे गेलो.

चारेक वर्षांनी ती तिथेच वारली. निरोप उशिरा आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मिठागराशेजारच्या खोपटात तिची मुलगी होती. शेजारणी बसल्या होत्या. त्यांनी हे कोण म्हणून विचारलं.

"आमच्या गावचे," मुलगी म्हणाली. "आयचे भावजी लागायचे."

तिने मला बसायला गोणपाट घातलं आणि तांब्यातून पाणी दिलं. मी पाणी प्यालो. थोड्या वेळाने एस.टी.ची वेळ झाली, तसा उठलो.