जिन्याचा दिवा
आज प्रयोगशाळेत एक सर्किट जळलं आणि त्या करपट वासासरशी मला दाना ओली या गल्लीतल्या आमच्या जुन्या घराचा जिना आठवला. संस्थान विलीन झालं तेव्हा वडील वीजखात्यात मिस्त्री होते, आणि नव्या राज्यात जुन्या माणसांना घेण्याआधी त्यांची परीक्षा ठेवली होती. जिन्याचा दिवा जोडायचा होता: खाली एक बटण, वर एक, कुठलंही दाबलं तरी लागलेला विझावा, विझलेला लागावा. वडिलांनी तो पाच मिनिटांत जोडला. पण बाहेरून आलेल्या साहेबांच्या कागदावर दोन्ही बटणांचे खटके एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही वर किंवा दोन्ही खाली, असले की दिवा लागत होता, आणि वडिलांचा विरुद्ध बाजूंना असले की. “उलटा है,” साहेब म्हणाले. “साहब, चढनेवाले को क्या फर्क पडता है?” वडिलांनी विचारलं, आणि वीस वर्षं मिस्त्री असलेला माणूस हेल्पर झाला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आमच्याच जिन्याचं बटण उघडलं. ठिणगी उडाली आणि असाच करपट वास आला. “अहो, चांगला तर लागतोय,” आई म्हणाली. दोन तारांची अदलाबदल करून ते वर गेले, खाली आले. दिवा पूर्वीसारखाच लागला, पूर्वीसारखाच विझला. “आता बरोबर आहे,” ते म्हणाले. मी वर्गात या दोन्ही जोडण्या दोन लॉजिक गेट्स म्हणून फळ्यावर शेजारी शेजारी काढते. पुस्तकात दोन्हींना नावं आहेत, दोन्ही बरोबर आहेत. वडील निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांची शिडी धरून उभे राहिले.