नियमात बसणारा खोडा

त्या खरेदीवाल्या साहेबाचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं फिरतं.

कारंज्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पर्यवेक्षक. तिथला खोडा, म्हणजे इंजेक्शन देताना जनावर हलू नये म्हणून ज्यात उभं करतात ती पाइपांची चौकट, पार सडला होता. आमच्याकडची गवळाऊ गाय अंगानं सडपातळ आणि डोक्यानं भारी तिखट. म्हणून मी मागणीतच लिहिलं, खोडा अरुंद पाहिजे. आला तो दांडग्या म्हशीच्या मापाचा! गाय आत घातली की आरामात मागे फिरायची आणि आमच्यावरच शिंगं रोखायची.

मी माल ताब्यात घ्यायला साफ नकार दिला. साहेब जिल्ह्याहून गाडी घेऊन आला.

"पोर्टलवर सगळ्यात कमी दर याचाच होता. नियमात बसतो."

"नियमात बसते जी, पण गाय याच्यात गरबा खेळते, त्याचं काय?"

"मार्चअखेर आहे, बाई. बाकी कुठूनच तक्रार नाही. तुम्हीच तेवढ्या कामात खोडा घालता." आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला मेला.

मी सही केली नाही. तरी बिल निघालं, खोडा अंगणात ठोकलाही गेला. कसा, ते मला कुणी सांगेना.

लसीकरणाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. एक गाय आतल्या आत गर्रकन वळली आणि दोर धरून उभ्या असलेल्या आमच्या परिचराला तिनं पाइपावर चेपलं. बरगड्या मोडल्या. त्याला वर्ध्याला भरती करून मी साहेबाला फोन लावला. ही कामावरची इजा आहे, दोष खोड्याचा आहे, एवढं लिहून द्या म्हटलं.

"कसं लिहू? खोडा उत्तम आहे अशी पावती त्यानंच सही करून दिलीय. म्हणजे चूक त्याचीच."

मी तणतणत वॉर्डात गेले. तो बिचारा श्वास घेतानाही कळवळत होता, तरी मी ओरडलेच, "काऊन केली सही, भाऊ? गाय वळते हे तुमाले माहीत नव्हतं काय?"

"माहीत होतं न," तो थांबत थांबत म्हणाला. "साहेब म्हणे, सही नाई भेटली त म्याडमची बदली करतो. तुमची पोरगी दहावीत हाय. मंग म्हटलं, दोर त मलेच धरा लागते."