आधी जेवण, मग सुई

शैलाचा शेवटचा फोन आला तेव्हा मी कळंबला माझ्या शिलाईच्या दुकानात ब्लाउज कापत होते. "आक्का, कालपासून लई उलट्या व्हायल्यात. पाणीसुदा ठरंना. सुई घेऊ का?" कात्री खाली न ठेवताच मी म्हणाले, "पोटात काय न्हाय, मग कशाला घ्यायलीस? आधी जेवण, मग सुई. इसरलीस का?" "बरं," म्हणाली. धाकटी बहीण, माझं ऐकायची... दुसऱ्या दिवशी दुपारी धाराशिवच्या दवाखान्यात ती गेली. सव्वीस वर्षांची होती. आज दीड महिना झाला.

नऊ वर्षांची असताना ती तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागली, अंथरूण ओलं करू लागली. आम्ही एकाच वाकळेत झोपायचो, त्यामुळे रोज सकाळी मी तिला चिडवून रडवायचे. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला तेव्हा आईनं येरमाळ्याला देवीच्या पायावर घालून आणलं. शेवटी ढोकीच्या एका डॉक्टरांनी बोट टोचून रक्ताचा थेंब तपासला आणि तसंच धाराशिवला पाठवलं. "लेकराला कुठं साखर होती व्हय? गोळी द्या की," वडील म्हणाले. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, गोळीनं भागणार नाही, सुई जन्मभर घ्यायची आणि एक दिवसही बंद करायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

घरात फ्रिज नव्हता. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं आणि त्यात इन्सुलिनची कुपी. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायचं काम शैलाचं. पुढं फ्रिज आला, तरी "लाईटीचा काय भरवसा," म्हणून तिनं मडकं हलू दिलं नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत टोचून घ्यायची आणि कुणी टक लावून बघितलं की विचारायची, "तुमाला बी देऊ का?" अंगणवाडीत मदतनीस झाल्यावर सारखं पाणी पिणारं, वाळत चाललेलं लेकरू दिसलं की रक्त तपासून घेईपर्यंत त्याच्या आईला सोडायची नाही. अशा दोन लेकरांचं दुखणं तिच्यामुळं वेळेत कळलं.

आणि 'आधी जेवण, मग सुई' हा नियम माझा होता. लहानपणी एकदा तिनं सुई घेतली आणि मला भाकरी करायला उशीर झाला. ती घामाघूम होऊन चुलीपुढं थरथरत बसली. साखरेचं पाणी पाजलं, सावरली, पण मी इतकी भ्याले की तिच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतलं. त्या दिवसापुरतं ते खरंही होतं. ती गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आजारपणात अन्नाशिवायही साखर चढते. सुई थांबली की रक्तात आम्ल साचत जातं. सुई न थांबवता, साखर तपासून, लगेच दवाखाना गाठायला हवा होता. घरात अशी सुई घेणारं कुणी असेल तर हे एवढं तरी लक्षात ठेवा. मला ते फार उशिरा कळलं.

मडकं अजून आईच्या घरात त्याच कोपऱ्यात आहे. आत अर्धी कुपी आहे, आणि आई रोज वाळू भिजवते. परवा मी गेले तेव्हा वाळूवर पाणी शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "सुई का घेतली न्हाय कुणास ठाऊक. लई हट्टी व्हती." येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ती हेच सांगते. माझी शैला, जिनं सतरा वर्षं एक सुई चुकवली नाही... मी आईच्या हातातला तांब्या घेतला, उरलेलं पाणी वाळूवर घातलं आणि म्हणाले, "आई, तिनं मला इचारलं व्हतं."