बकेट टेकलेली होती

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं काहीच मी मानत नव्हतो. चौदा वर्षं पोकलेन चालवतोय. स्मशानाला लागून खोदकाम केलंय, दुपारचा डबाही तिथंच बसून खाल्लाय. कधी काही वाटलं नाही. त्यामुळं हे लिहायला इतके दिवस लागले. दुसरं कारण असं, की यात चूक माझी आहे.

मी उदगीरचा. साइटवर सगळे मला आप्पा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बिलोली तालुक्यात रस्त्याचं काम चालू होतं. आमचे मेकॅनिक गफूरमामू, नांदेडचे, साठीला आलेले. संध्याकाळी सहाला शिफ्ट संपली की मशीन बंद करायची एक रीत असते — सपाट जागी उभी करायची, बकेट, म्हणजे पुढचा खोदायचा पंजा, जमिनीवर टेकवायची, इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू ठेवून थंड होऊ द्यायचं, मग लिव्हर लॉक, चावी बंद, बॅटरीचा स्विच बंद आणि चावी ऑफिसात. मामूंचं एवढ्यावर भागायचं नाही. ते हातातला पाना बकेटवर तीनदा वाजवायचे. टेकलेली बकेट 'ठप' वाजते. अधांतरी असली तर 'ठण्ण'.

"जमीन धरली का न्हाई, ते लोखंडच सांगतंय आप्पा," म्हणायचे.

त्या दिवशी पावणेसहाला बायकोचा फोन आला. सासूबाई जिन्यावरून पडल्या होत्या, शुद्धीवर नव्हत्या. मला उदगीरची गाडी गाठायची होती. बकेट कमरेएवढी वर होती... तशीच ठेवून मी इंजिन बंद केलं आणि पळालो. मामू लांब रोलरपाशी होते. म्हटलं, फोन करून सांगू. नाही सांगितलं. गाडीत बसल्यावर कळलं की चावीही खिशातच राहिलीय.

सकाळी सुपरवायझरचा फोन आला. मामूंनी आल्या आल्या लटकलेली बकेट पाहिली. खाली घ्यायला चावी नव्हती. जवळच बाया खडी भरत होत्या. त्यांना मामूंनी लांब घालवलं, आणि बकेटखाली लाकडी ओंडके सरकवायला स्वतः वाकले. तेवढ्यात हायड्रॉलिकचा पाइप फुटला. बूम, म्हणजे बकेट धरणारा लांब लोखंडी हात, बकेटसकट खाली आली.

मामू जागीच गेले.

कागदोपत्री 'पाइप फुटला' एवढंच आलं. लोक म्हणाले, एवढा जुना मेकॅनिक, खाली गेलाच कशाला? मी गप्प बसलो. चावी गुपचूप ऑफिसात नेऊन टांगली.

तीन महिन्यांनी शिरूर अनंतपाळकडं एका तलावातला गाळ काढायचं काम लागलं. नवा पाइप टाकलेली तीच मशीन, आणि तिच्यावर मीच. पहिल्याच संध्याकाळी बकेट टेकवली, सगळं बंद केलं, खाली उतरलो. दहा पावलं गेलो असेन.

ठण्ण... ठण्ण... ठण्ण.

वळून पाहिलं. चांगलं ऊन होतं. तलावाच्या कोरड्या पात्रात लांबपर्यंत कोणी नव्हतं. बकेट जमिनीत चार बोटं रुतून बसलेली. मी स्वतः पाना घेऊन वाजवून पाहिली — ठप.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मनाला म्हटलं, डोक्यात बसलंय, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी डंपरवाला व्यंकट माझ्यासोबत होता. मामू, बिलोली, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. चालता चालता तो थबकला.

"आप्पा, बकेट वरच ठिवली काय?"

"का रे?"

"न्हाई, आवाज बघा की कसा आला. लटकल्यावानी."

तिथंच मातीत बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तोपर्यंत बायकोलाही बोललो नव्हतो. व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? त्यायच्या घरी जावा."

दोन दिवसांनी नांदेडला गेलो. मामींनी दार उघडलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं... बकेट मी वर सोडली होती, चावी माझ्या खिशात होती. मामींनी आत हाक मारून मुलीला बोलावलं. ती शिक्षिका आहे.

"फिरसे बोलो," मामी म्हणाल्या. "सब लोगां बोलते इसके अब्बाकीच गलती थी. इसके सामने बोलो."

मी पुन्हा सांगितलं. मुलीनं ते कागदावर उतरवलं, वाचून दाखवलं, माझी सही घेतली. आत या कुणी म्हटलं नाही. माफ केलं असंही नाही. तोच जबाब मी नंतर पोलिसांतही दिला. केस अजून चालू आहे. मशीन माझ्याकडून काढून घेतली. नवीन ऑपरेटरला काही ऐकू येत नाही, असं व्यंकट सांगतो.

मधे एका इंजिनिअर साहेबांना विचारलं. ते हसले. म्हणाले, तापलेलं लोखंड थंड होताना आवाज करतं. ते मलाही माहीत आहे, चौदा वर्षं ऐकतोय — ती बारीक टकटक असते. पण तीन दिवस, तीनच ठोके, आणि व्यंकटलाही? त्यावर साहेबांनी विषय बदलला. साहेबांचंच खरं निघावं असं मला आजही मनापासून वाटतं; नाहीतर मामू पाना घेऊन तिथंच उभे होते, असं मानावं लागेल.